पनागरचा क्लब आणि उलटी बैठक

श्रीधर गेला त्या दिवशी मंगळवार होता. मी वाल सोलत होते. फोन वाजला. श्रीधरचा भागीदार मिलिंद म्हणाला, "ताई, दादा गेले." मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले.

श्रीधर माझा धाकटा भाऊ. सांगलीहून नोकरीसाठी जबलपूरला गेला आणि तिथेच राहिला. लग्न केलं नाही. त्या महिन्यात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे मला जाता आलं नाही. ग्वारीघाटावर, नर्मदेच्या काठी, मिलिंदनेच सगळं केलं. मी गेले ते पुढे थंडीत, आणि तेही जावंच लागलं म्हणून.

नोकरी सोडल्यावर श्रीधरने दोन भागीदारांबरोबर गुंतवणुकीची एक खासगी संस्था काढली होती. सांगलीत कुणाला हे सांगितलं की लोक विचारत, "म्हणजे पतपेढी का?" पतपेढी नव्हे. एखाद्याच्या उद्योगात पैसे घालायचे, बदल्यात मालकीचा वाटा घ्यायचा आणि तो उद्योग पायावर उभा राहीपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहायचं, असं ते काम. त्यांनी तीन उद्योग धरले होते. पनागरचा मुलींचा खो-खो क्लब, गावोगावचे सामने मोबाइलवर दाखवणारं एक चॅनेल, आणि माणसाशिवाय सामना टिपणारा एक कॅमेरा. श्रीधर म्हणायचा, "आपली ऑटोरिक्षा आहे. तीन चाकं. एक काढलं की आडवी."

त्याचा हिस्सा माझ्या नावावर आला होता. बाकीच्या दोघांचा एक निर्णय माझ्या संमतीवाचून अडला होता. म्हणून मी गेले.

कांचघर

श्रीधर जबलपूरच्या कांचघर भागात रामटेक्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. मिलिंद हा त्यांचाच मुलगा. संस्थेतला तिसरा भागीदार, कॅमेरा बनवणाराही तोच. रामटेके कुटुंब मूळचं भंडाऱ्याकडचं. मिलिंदचे आजोबा इथे कारखान्यात कामाला आले. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, आणि त्यांच्या खालच्या भिंतीवर खो-खोच्या मुलींचा गटफोटो. शेवटच्या रांगेत श्रीधर उभा आहे, मान किंचित वाकडी करून.

मिलिंदची आई शांताबाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. मला दारातच म्हणाल्या, "या बाई, या. एवढ्या थंडीत काहून निघाल्या? जरा ऊन पडल्यावर यायचं ना."

"काम अडलं होतं म्हणाले."

"काम तं अडतंच. माणूस थांबते का त्याच्यासाठी?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

रात्री पाटवडीचा रस्सा होता. आमच्याकडे पाटवडी कोरडी, वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरलेली. इथे ती लाल रश्श्यात पोहत येते. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शांताबाईंनी दह्याची वाटी पुढे सरकवली आणि मग म्हणाल्या, "दादाचंबी पह्यल्यांदा असंच झालं होतं. मंग रोज मागाचा. म्हणाचा, सांगलीच्या जेवणात जीव नाही."

"असं म्हणायचा?"

"हाव. तुमच्यासमोर नसन म्हणत."

मिलिंदची मुलगी मराठी सगळं समजून घेते आणि उत्तर हिंदीत देते. तिच्यासाठी श्रीधर 'बड़े दादू' होता. जेवताना तिने मला विचारलं, "आप भी दादू जैसी मराठी क्यों नहीं बोलतीं?" मला कळेना. मग लक्षात आलं की श्रीधर इथे 'काहून' म्हणत होता, 'करून राहिलो' म्हणत होता. फोनवर माझ्याशी मात्र तो सांगलीचंच बोलायचा. म्हणजे त्याच्या दोन मराठी होत्या. दुसरी मी कधी ऐकलीच नव्हती.

विजय नगर

सकाळी मिलिंदने मला ऑफिसात नेलं. विजय नगरात रस्ते सरळ आणि रुंद, खाली दुकानं, वर शिकवणी वर्ग आणि दवाखाने. त्यांचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, एक गोल टेबल, भिंतीवर मोठा पडदा.

तिथे खंडेलवालजी भेटले. त्यांची कापडाची पेढी आहे. तिन्ही भागीदारांत व्यापार कळणारे तेच. सत्तरीचे, अंगात बंडी, कपाळावर टिळा. त्यांनी आधी पोहे मागवले. पोह्यांवर बारीक शेव आणि शेजारी खव्याची जिलबी, जवळजवळ काळी. पोह्यांबरोबर जिलबी खायची हे मला जमेना. मी आधी पोहे संपवले आणि मग जिलबी घेतली. खंडेलवालजी पाहत होते.

"दीदी, साथ में खाइए. अलग-अलग खाएँगी तो दोनों बुरा मान जाएँगे."

मग त्यांनी निर्णय सांगितला. दिल्लीची एक कंपनी सगळंच विकत घ्यायला तयार आहे. तिला हवा आहे कॅमेरा. चॅनेलही चालेल. क्लब मात्र ती बंद करणार. तिची माणसं येऊन पाहून गेली होती आणि त्यांचं म्हणणं होतं की क्लब फक्त नावाला आहे.

"और क्लब बंद हुआ तो?" मी विचारलं.

"क्लब सँभालने वाली पुष्पा भोयर का काम जाएगा," ते म्हणाले. "लड़कियाँ... देखिए, दुख की बात है. लेकिन श्रीधरजी रहे नहीं. मेरी उमर हो गई. मिलिंद को आगे जाना है."

मिलिंद खिडकीबाहेर पाहत होता. त्याला विकायचं होतं हे उघड होतं, आणि ते माझ्यासमोर बोलायचा त्याला संकोच होता.

मी विचारलं, कॅमेऱ्यात असं काय आहे? तेव्हा तो खुलला. क्रिकेट, हॉकी यांत चेंडू असतो, यंत्र चेंडूमागे जातं. खो-खोत चेंडू नाही. आठ मुली बसलेल्या, एक धावते, समोरच्या तिघी चुकवतात, खो मिळताच धावणारी बदलते. यंत्राने पाहायचं कुणाकडे? मिलिंदला कितीतरी दिवस हे सुटत नव्हतं. मग त्याने श्रीधरचं समालोचन यंत्राला ऐकवलं. श्रीधर प्रत्येक सामना बोलायचा, प्रत्येक मुलीचं नाव घेऊन, ती कुठे वळली ते सांगून. त्या बोलण्याशी चित्र जुळवत यंत्र शिकलं.

"ताई, दादांच्या आवाजावरच शिकलं ते. ऐकता का थोडं?"

मी म्हणाले, "नंतर."

पनागर

पनागरला जायला शहराबाहेरचा रस्ता धरावा लागतो. दोन्ही बाजूंना मटार. हिवाळ्यात इथल्या बाजारात मटाराच्या गोण्यांशिवाय काही दिसत नाही, आणि ट्रकांच्या मागे गळलेल्या शेंगांची हिरवी रेघ रस्त्यावर पडलेली असते.

मला सराव पाहायचा होता. मैदानावर पोचले तर कुणीच नव्हतं. दोन खांब, पुसट झालेल्या चुन्याच्या रेघा आणि एक गाय. दिल्लीकरांनी पाहिलं ते हेच असणार, असं मला वाटलं, आणि त्यांचं खरं असावं असंही वाटलं. ऑटोवाला म्हणाला, "अम्मा, किसको ढूँढ रही हो? सब मटर में हैं."

त्याने मला शेतात नेऊन सोडलं. बांधावरून उतरताना माझी काठी चिखलात रुतली आणि मी अलगद खालीच बसले. लागलं नाही. हसण्याची एक बारीकशी लाट शेतातून आली. ओढण्या कमरेला बांधलेल्या मुली वाकून शेंगा तोडत होत्या. त्यांच्यातली एक उंच बाई माझ्याकडे आली आणि हात देऊन मला उभं केलं.

"तुमी दादाच्या बहीण. लायब्ररीवाल्या."

"निवृत्त झाले आता."

"मंग बसा. निवृत्त मानसाले शेंगा सोलता येतात."

ही पुष्पा भोयर. माहेर बालाघाटकडचं, सासर पनागर. स्वतः खेळलेली. क्लबची प्रशिक्षक, व्यवस्थापक, सगळं तीच. मी सोलत बसले. मटार इतका गोड होता की निम्मा तोंडात जात होता.

"सराव नसतो का या दिवसांत?" मी विचारलं.

"तोडणीत कोनाची पोट्टी मैदानावर येईन? मटार आहे तं शाळेची फी आहे. हे संपलं की पाहा, पहाटे पाचाले उभ्या राहतात. दादाले माहीत होतं. तो तोडणीत कधी पाहुणा आणाचा नाही."

"मग दिल्लीची माणसं आता कशी आली?"

पुष्पा हसली. "खंडेलवालजीनं पंडिताकडून मुहूर्त काढला. शुभ दिवस निंगाला ऐन तोडणीतला. मले एक फोन केला असता तं मी सांगतलं असतं. पण मुहूर्ताले कोन विचारते, बाप्पा?"

बाजूच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "दीदी, वो लोग फोटो खींच रहे थे गाय का."

"हाव, गायच आमची कॅप्टन," पुष्पा म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

क्लब बंद झाला तर काय होईल, हे मी तिला सरळ विचारलं. तिने काम थांबवलं नाही.

"गाडी बंद होईन. दुसरं काही नाही. घरचे पोट्ट्यायले बाहेरगावी खेळाले धाडतात, काहून का क्लबची गाडी घराच्या दारातून नेते, दारात आणून सोडते, आन् संगं मी असतो. गाडी नाही तं पोट्टी घरी. घरी बसली का पाहुणे पाहाले येतात." मग तिने त्या बाजूच्या मुलीकडे हनुवटी केली. "हिचे तं येऊनबी गेले. म्या सांगतलं, राज्याची स्पर्धा होऊ द्या. तिचा बाप थांबला आहे. किती थांबन?"

ती मुलगी खाली पाहून शेंगा तोडत राहिली.

निघताना पुष्पाने मटाराची एक पिशवी माझ्या हातात दिली. विकू नका असं ती एकदाही म्हणाली नाही. परतीच्या वाटेवर मी मनाशी ठरवून टाकलं की मी संमती द्यायची नाही.

भेडाघाट

बैठकीच्या आदल्या दिवशी खंडेलवालजी मला भेडाघाटला घेऊन गेले. पाहुण्याने भेडाघाट पाहिल्याशिवाय जबलपूर सोडायचं नाही, असा इथे नियमच आहे. आधी धुआंधार पाहिला. नर्मदा तिथे खाली पडते आणि धुकं होऊन वर येते. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला नदीचा एवढा आवाज माहीत नसतो. आमची नदी पूर आला तरच बोलते.

मग होडी. संगमरवराचे कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतात, पांढरे, मधूनच गुलाबी, कुठे शाईसारखे निळे. नावाडी वल्ही मारता मारता बोलत होता आणि सगळं यमकात: "दाएँ देखो दूध-सा पत्थर, बाएँ देखो गुलाबी, जिसकी सास हो साथ में, वो ना करे खराबी!" होडीतल्या एका नव्या नवरीने लगेच सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "भैया, पैसे इससे लेना, मुझसे नहीं."

खंडेलवालजी म्हणाले, "इन्हीं से सीखा था श्रीधरजी ने. हर इतवार आते थे. कहते थे, बोलते रहो तो देखने वाला डूबता नहीं."

उतरताना मी त्यांना माझा नकार सांगितला. तेव्हा त्यांनी मला संस्थेची रीत समजावून सांगितली. तिला ते 'उलटी बैठक' म्हणतात. ज्याने प्रस्ताव आणला, त्याने बैठकीत त्याच्या विरोधात बोलायचं. ज्याला प्रस्ताव नको असेल, त्याने बाजूने बोलायचं. टेबलावर जिलबीचा पुडा ठेवायचा आणि निर्णय होईपर्यंत त्याची दोरी सोडायची नाही. श्रीधरने ती खो-खोवरून बसवली होती. मैदानाच्या मधल्या पाटीवर शेजारी शेजारी बसलेल्यांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात, म्हणून दोन्हीकडचं दिसतं.

"तो दीदी, कल आपको बेचने के पक्ष में बोलना है," ते म्हणाले. "ढंग से बोलिएगा. श्रीधरजी ढीला बोलने वाले को दोबारा खड़ा करते थे."

पुन्हा विजय नगर

गोल टेबलावर पुडा होता. पुष्पाही आली होती. तिला मताचा अधिकार नव्हता, पण ती ऐकायला बसू शकत होती, तसा शिरस्ता होता. आधी मी उभी राहिले.

मला वाटलं होतं की मी दोन वाक्यं बोलून बसेन. कॅमेरा मोठा आहे आणि जागा लहान आहे, असं मी म्हटलं. मिलिंदने त्यात आपली उमेदीची वर्षं घातली, त्याला पुढे जाऊ द्यायला हवं. समालोचन करणारा आता नाही, म्हणून चॅनेल मुकं आहे. मग मी म्हणाले, "मी इथे राहणार नाही. मी नाही म्हटलं तर ते श्रीधरची वस्तू जशीच्या तशी ठेवायची म्हणून. घरात त्याचे कपडे ठेवावेत तसं. कपडे ठेवल्याने कुणाचं अडत नाही. इथे मिलिंदचं अडतं."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. बोलल्यावर ते खोटं आहे असंही मला म्हणता आलं नाही. मी खाली बसले. पुष्पा माझ्याकडे पाहत नव्हती.

मग खंडेलवालजी. त्यांनी बंडीची बटणं लावली. सुरुवातीला ते पाठ म्हटल्यासारखे बोलले, नाव जाईल, लोक काय म्हणतील. मिलिंद म्हणाला, "चाचाजी, ढीला."

ते खाली बसले. परत उभे राहिले.

"ठीक है. तो सुनो. दिल्लीवालों ने क्लब को मरा हुआ लिखा. क्यों लिखा? मैदान खाली था. क्यों खाली था? मटर की तुड़ाई थी. तुड़ाई में कौन ले गया उनको? मैं." ते पुष्पाकडे वळले. "बेटी, मुहूर्त मैंने निकलवाया. तुमसे पूछना सूझा ही नहीं. चालीस साल से थान नापकर बेचता हूँ, और यहाँ बिना नापे फाड़ दिया."

पुष्पा म्हणाली, "चाचाजी, पुढच्या वेळी पंडिताले मटाराचा भाव बी विचाराले लावा."

खंडेलवालजी हसले नाहीत. "उनको कैमरा चाहिए. क्लब उनको चाहिए ही नहीं. जो चीज़ गाहक ने माँगी नहीं, वो हम क्यों बाँधकर दे रहे हैं? मैं दे रहा था क्योंकि मुझे छुट्टी चाहिए थी. बस. मैं अपने प्रस्ताव के विरोध में हूँ, और यह मैं रीत निभाने के लिए नहीं कह रहा."

मग मिलिंद म्हणाला, "क्लब अलग काढू. कॅमेरा आणि चॅनेल त्यांना देऊ. विचारून तर पाहू." मी मान हलवली. खंडेलवालजींनी दोरी सोडायला हात पुढे केला आणि पुष्पाने तो धरला. "अजून त्यायचं उत्तर कुठं आलं? राहू द्या बांधलेला."

उत्तर यायला दोन दिवस लागले. तोवर जिलबी कडक झाली होती.

कंपनी तयार होती. मात्र एक अट होती. क्लब वेगळा राहणार असेल, तर आजवरच्या सामन्यांची सगळी रेकॉर्डिंग, आवाजासकट, फक्त कंपनीची राहतील. यंत्र त्यांवर शिकलं आहे, ती दुसऱ्या कुणाकडे गेली तर दुसराही तसं यंत्र बनवेल. चॅनेलवरूनही ती काढली जातील. कुणीही प्रत ठेवायची नाही.

मिलिंदने हे मला हळू आवाजात सांगितलं. खंडेलवालजी म्हणाले, "दीदी, एक मैच की कॉपी रख लीजिए. कौन देखने आ रहा है सांगली में?"

मी सगळी नोकरी ग्रंथालयात केली. दुसऱ्याच्या नावावर चढलेलं पुस्तक घरी ठेवलेलं मला चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"पण एक सामना मला दाखवा," मी मिलिंदला म्हणाले. "पूर्ण."

पुष्पाने सामना निवडला. मोठ्या पडद्यावर पनागरचं तेच मैदान आलं, पण भरलेलं. आणि श्रीधर बोलू लागला. ती त्याची दुसरी मराठी होती, मध्ये मध्ये हिंदी: "आता पाहा, सरिता उठली, खो भेटला तिले... अच्छा, ते पोट्टी काहून थांबून राहिली खांबापाशी? थांबली नाही जी, फसवून राहिली! गेली, गेली, निंगून गेली!" मध्येच तो कॅमेऱ्याला रागावला, "अरे बाबू, तिकडे का पाहतं, तिकडे शेंगदाणेवाला आहे, इकडे पाय." पुष्पा मोठ्याने हसली. शेतात माझ्या बाजूच्या ओळीत होती तीच सरिता हे तिने मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

सामना संपला तेव्हा श्रीधर म्हणाला, "चलो, आता घरी जा सगळे." मिलिंदने पडदा बंद केला. मी सही केली.

जिलबी आम्ही दुधात भिजवून खाल्ली.

आता

मला परत येऊन बरेच दिवस झाले. विजय नगरचं ऑफिस सोडलं आहे. मिलिंद दिल्लीत असतो आणि शांताबाई त्याला अधूनमधून 'तिथं जेवतं का नाही' म्हणून रागावतात. पनागरच्या क्लबचे दोन मालक आहेत, खंडेलवालजी आणि मी. गाडी चालू आहे. सरिता राज्य स्पर्धेत खेळली. संघ हरला. तिचा बाप अजून थांबला आहे.

समालोचन करणारं कुणी नाही. सामने होतात.